पहिला ओरखडा

दिगू,

तू कशानं गेलास म्हणून लोक विचारतात. तापानं गेला, असं मी सांगतो. मग जरा घुटमळून विचारतात, तेच ना मास्तर, पडलेल्या गाड्या बघत हिंडायचे ते? पूर्वी या प्रश्नाची मला चीड यायची. आता सरळ सांगतो, हाव, तेच. आणि त्यांच्या मागच्या सायकलवर मी असायचो.

तुझा तेरावा करून परवा चाकूरहून नांदेडला परतलो. काल तुझ्या शाळेतले जुने सोबती घरी आले. येत्या जुम्म्याला शाळेत सभा ठेवली आहे, तुम्ही चार शब्द लिहून आणा म्हणाले. जन्म, शिक्षण, किती वर्षं हिशेब शिकवला, हे सगळं हेडमास्तर सांगणार आहेत. बरंच झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे आणि ती सात वर्षं घशात अडकून बसली आहे. सभेला आमचे स्टेशन मास्तर येणार, पार्सल ऑफिसातली मंडळी येणार. त्यांच्यासमोर हे वाचलं तर माझ्या नोकरीचं काय होईल ते सांगता येत नाही. पण तुझ्यासमोर बोलायचं राहून गेलं, आता निदान तुझ्या नावानं जमलेल्या लोकांसमोर तरी बोलतो.

तुझी-माझी ओळख कशी झाली ते आठवतं का? मी नांदेड स्टेशनावर पार्सल बाबू म्हणून नुकता लागलो होतो. रोज संध्याकाळी मनमाडकडून गाडी यायची त्या वेळी एक सडपातळ मास्तर, डोक्यावर काळी टोपी, धोतराचा सोगा हातात धरून फलाटाच्या टोकाला उभा. कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही. पंधरा दिवस बघितलं आणि शेवटी विचारलं, कुणाला घ्यायला येता? तू म्हणालास, "इंजिनाला." मला वाटलं, चेष्टा करून राहिला. नंतर कळलं, तू चेष्टा बाकी सगळ्या गोष्टींची करायचास, इंजिनाची कधी केली नाहीस.

मग एकदा आमच्या यार्डात डबे जोडताना मालाचा एक डबा रुळावरून घसरून कलंडला. अर्धं नांदेड गोळा झालं. चणे-फुटाणेवाला पण आला. सगळे डब्याभोवती, आणि तू डब्याकडे पाठ करून, कमरेत वाकून, रुळातून उलटा चाललेला. मला वाटलं तुझं काही पडलं. काय हरवलं मास्तर, म्हणून मागं आलो, तर म्हणालास, पहिला ओरखडा शोधून राहिलो. मग मला समजावून सांगितलंस. गाडी जिथं आडवी दिसते तिथं ती पडलेली नसते. ती लई मागं पडलेली असते. चाक रुळावरून उतरतं तिथं लाकडी स्लीपरवर पहिली खूण उठते, तिथून पुढं गाडी नुसती आपल्या वजनानं फरफटत येते. गर्दी शेवट बघते. आपण सुरुवात बघायची. त्या दिवशी तुला ओरखडा सापडला आणि मला तू.

त्यानंतरची वर्षं म्हणजे काय सांगावं! कुठं काही घसरलं, उलटलं, पुलाला घासलं की मी तारखोलीत ऐकायचो आणि तुझ्या घरी येऊन सांगायचो. रेल्वेच्या नोकरानं तारेतली बात बाहेर नेऊ नये हा दस्तूर, तो मी किती वेळा मोडला त्याची गणती नाही. जुम्म्याची सुट्टी असली की दोघं सायकली काढायचो. तू त्या वेडाला दस्तूर घालून दिले होतेस आणि त्यात सूट नव्हती. आधी कुणी दुखावलं असेल तर त्याला पाणी, सावली, लागेल ती मदत. तोवर वही पिशवीतून काढायची नाही. मालाला हात लावायचा नाही, कुणाच्या गाठोड्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग मोजमाप. आणि सगळं झाल्यावर तळहातावर मावेल असा लोखंडाचा एक तुकडा, जो आता कुणाच्याच कामाचा नाही, तो घरी आणायचा. त्याला फडक्याची चिठ्ठी बांधायची. वहीत ठिकाण, पहिला ओरखडा, गाडी कुठं थांबली, तुकडा कसला, आणि शेवटच्या रकान्यात ज्याला तो सापडला त्यानं स्वतःच्या हातानं सही करायची. दुसऱ्यासाठी सही करायची नाही. मी एकदा म्हटलं, टाक की माझं नाव तूच, तर म्हणालास, मुलांच्या पेपरात मी त्यांचं उत्तर लिहितो का?

ते तुकडे तू लाकडी पेटीत ठेवायचास आणि वहिनी त्यावर नजर ठेवून असायच्या. एक जाडजूड बोल्ट त्यांनी उचलला आणि लोणच्याच्या बरणीत कैरीवर दडपण म्हणून ठेवला, फडक्यात गुंडाळून. तू चार दिवस पेटी उलटीपालटी करत होतास. सापडला तेव्हा चिठ्ठीवरचं 'मुदखेड यार्ड' तेलानं पुसून गेलं होतं. वहिनी म्हणाल्या, त्याच्यानं गाडी धरवली नाही, कैरी तरी धरू द्या. तू नवी चिठ्ठी लिहायला बसलास.

आमची आई मात्र खरंच चिडायची. "दिगंबरा, पिंडावर कावळे जमावेत तसे तुम्ही दोघं जमता रे. दुसऱ्याची मोडतोड बघायला जाणं चांगलं नव्हे." तुला भाकरी वाढता वाढता म्हणायची. तुझ्या-माझ्यातला न मिटलेला वाद तो हाच. मी आईच्या बाजूनं बोलायचो. म्हणायचो, आपल्याला आवडतं ते. एवढं मोठं धूड कुशीवर पडलेलं, चाकं वर आलेली, गरम तेलाचा आणि भिजल्या कोळशाचा वास, हे बघायला आपण वीस वीस मैल पाय मारतो, आणि वर मोजमापाचं सोंग करतो. तू दर वेळी वेगळं उत्तर द्यायचास. एकदाच खरं दिलंस. म्हणालास, "आवडतं रे, खोटं कशाला बोलू? आवडतं म्हणूनच नीट बघितलं पाहिजे. नुसतं आवडून घरी गेलो तर मग आई म्हणते तेच आपण."

आता त्या दिवसाचं.

पौषातला जुम्मा होता. सकाळी कळलं की मुदखेडच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीपाशी मालगाडी उलटली. आपण सायकली हाणत गेलो, थंडीनं माझे कान बधिर झाले होते. इंजिन कुशीवर, मागचे डबे एकमेकांवर चढलेले, आणि कापसाच्या गाठी फुटून शेजारचं ज्वारीचं रान पांढरं झालेलं. बघायला आलेली माणसं कापूस तुडवत होती. इंजिनात कोळसा मारणारा खलाशी वाफेनं भाजला होता, त्याला बाभळीखाली आणून निजवलं होतं आणि भोवती नुसती चर्चा चालली होती. तू उपरणं ओढ्यात भिजवून आणलंस. त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. मुदखेडहून ट्रॉलीवर डॉक्टर येईपर्यंत तासभर तू हलला नाहीस. तो तेलुगूत काहीतरी सांगत होता, तुला तेलुगू येत नव्हतं, तरी तू हो हो म्हणत होतास. इतका वेळ तुझी पाठ इंजिनाकडे होती आणि तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. पुढं तो बरा झाला हे कळल्यावर तू पेढे वाटलेस.

त्याला नेल्यावर तू वही काढलीस. शाळेत हिशेब उर्दूतून शिकवायचास म्हणून मोजायचासही उर्दूत. इंजिनापासून उलटा चालत, मोठ्यानं, एक-एक स्लीपर. मोरीजवळ दोन रुळांचा जोड उघडा पडला होता, त्याचे बोल्ट तुटले होते. सगळे म्हणत होते, इथंच गाडी गेली. तू तिथं थांबलास, बसलास, आणि म्हणालास, हे शेवटचं आहे, सुरुवातीचं नाही. कारण जोडाच्याही मागं स्लीपरवर खरवड होती, आणि ती रुळाच्या कडेला नव्हती, बरोबर मधोमध होती. चाक मधोमध चालत नाही. डब्याखालचं काहीतरी तुटून लोंबत आलं होतं आणि स्लीपर खरडत खरडत त्या जोडात अडकलं होतं. तू मोजत राहिलास. मी तुझ्या पुढं निघून गेलो होतो, म्हणजे गाडीच्या हिशेबानं अजून मागं. जिथं खरवड सुरू होते तिथून चार पावलांवर, तरवडाच्या झुडपाखाली मला तो तुकडा दिसला.

मला. दिगू, मला दिसला. मी वाकलो, मी उचलला, मी कोटाच्या खिशात घातला. हे वाक्य लिहायला सात वर्षं लागली.

ब्रेकच्या दांड्याचं टोक होतं ते, एका अंगाला भोक असलेलं. तू हातात घेऊन फिरवून पाहिलंस. तुटलेली बाजू अर्धी काळपट, गंज खाल्लेली, आणि अर्धी नव्या पैशासारखी चकचकीत. म्हणजे दांडा आधीच अर्धा तडकलेला होता, उरलेला त्या सकाळी तुटला. तू ते तसंच्या तसं वहीत लिहिलंस. आणि मग आपण दोघा शहाण्यांनी काय केलं? ज्या एका तुकड्यात सगळी हकीकत होती तो पिशवीत घालून घरी आणला! आपला दस्तूर ना, तळहाताएवढा, कुणाच्या कामाचा नसलेला. वाटेत गूळ-शेंगदाणे खाल्ले. तू खुशीत होतास, इतका सरळ ओरखडा कधी सापडला नव्हता म्हणत होतास. दोन दिवसांत रूळ नीट होऊन गाड्या सुरू झाल्या, खरवडलेले स्लीपर काढून टाकले, आणि तो तुकडा तुझ्या पेटीत चिठ्ठी बांधून पडून राहिला.

पुढच्या बेस्तरवारी सटवा चावीवाला पार्सल ऑफिसाच्या दाराशी येऊन बसला. त्या टापूत रोज हातोडा खांद्यावर टाकून पायी फिरणारा, रुळाच्या सैल चाव्या ठोकणारा, जोडाचे बोल्ट आवळणारा तोच. त्याला कामावरून थांबवलं होतं. मोरीवरचा जोड यानं ढिला ठेवला म्हणून गाडी पडली, असं ठरत आलं होतं. चौकशीत तेच निघालं तर नोकरी गेली, रेल्वेची खोली गेली, आणि माणूस भाजला म्हणून वर फौजदारी. हातोडा जमा करून घेतला होता, तर हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मला म्हणाला, "बाबू, त्या मोरीवर मी रोज दोन घाव जास्तीचे घालतो. खाली पानी हाय म्हून. माझं कोन ऐकतंय?"

मी त्याला चहा पाजला. तुकड्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आलो तेव्हा तू वही उघडून, दौत-टाक मांडून माझीच वाट बघत होतास, सहीसाठी. मी सटव्याचं सांगितलं. तू टाक खाली ठेवलास आणि वही मिटलीस. म्हणालास, नरू, आपण काय करून बसलो रे.

त्यानंतरचे तीन दिवस मला विसरायचे आहेत आणि विसरता येत नाहीत. मी तुला काय काय सांगितलं! रेल्वेचा नोकर अपघाताच्या जागचा माल घरी नेतो म्हणजे उघड चोरी. माझी नोकरी जाईल. घरी आई, दोन बहिणी लग्नाच्या. आपण गप्प बसू, तुकडा रात्री गोदावरीत टाकू, साहेब लोक काय ते बघून घेतील, सटव्याला जरा समज देतील आणि सोडतील. मला स्वतःला त्यातलं अक्षर खरं वाटत नव्हतं. तू सगळं ऐकून घेतलंस. मला एका शब्दानं बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. शेवटी म्हणालास, "तू येऊ नकोस. तुझी नोकरी रेल्वेची. माझं काय, मी हिशेब शिकवतो. हिशेब कुठंही शिकवता येतो."

आणि मी आलो नाही.

तू मुदखेडला गेलास त्या दिवशी मी काट्यावर केळीचे घड तोलत होतो. तिथं काय झालं ते मला सटव्यानं सांगितलं, आणि तेव्हापासून किती वेळा मी त्याच्याकडून ते पुन्हा सांगून घेतलंय. वेटिंग रूममध्ये चौकशी. चष्मा लावलेले एक वयस्क साहेब, शेजारी इजहार-जबान्या लिहून घेणारा कारकून. न बोलावता तू आत गेलास, आदाब केलास आणि तुकडा टेबलावर ठेवलास. साहेबांनी विचारलं, हा तुमच्याकडे कसा? तू म्हणालास, "मैंने उठाया, साहेब." कशासाठी? म्हणालास, शौक है. कशाचा शौक? "गिरी हुई गाड़ियों का." खोलीत लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "साथ कौन था?"

"मेरी सायकल," तू म्हणालास.

सटवा म्हणतो, मास्तरांचा आवाज तेवढ्या वेळी जरा बसला होता. मग तू वही उघडलीस आणि आवाज परत आला. तासभर समजावून सांगितलंस, वर्गात सांगावं तसं. साहेब भले निघाले. उठून तुझ्याबरोबर मोरीपर्यंत चालत गेले, तू दाखवलंस तिथं वाकून पाहिलं. स्लीपर बदलले होते पण अगदी मागचे दोन, खरवड जिथं सुरू होत होती तिथले, तसेच राहिले होते. मुदखेडच्या यार्डात ओढून ठेवलेला डबा गाठला, त्याच्या अर्धवट दांड्याला तुकडा लावून पाहिला, आणि फुटलेल्या कपाला त्याचाच कान बसावा तसा तो बसला. सटव्याला त्याच संध्याकाळी हातोडा परत मिळाला.

तुला काय मिळालं? चौकशीतला पुरावा दहा दिवस घरात दडवून ठेवला म्हणून शाळाखात्याला पत्र गेलं आणि महिन्याभरात चाकूरला बदली आली. बाजारात काही लोक लोखंडचोर मास्तर म्हणायला लागले. वहिनींना पाणवठ्यावर बायका विचारायच्या. तू मला एवढंच विचारलंस, चाकूरला इंजिनाची शिट्टी ऐकू येते का रे? नाही येत. तुझ्यासारख्याला याहून मोठी सजा कुणाला सुचली नसती, आणि ज्यांनी दिली त्यांना ती माहीतही नव्हती. मी मोटारीवर तुझी पेटी चढवायला आलो. ती पेटी लई जड होती. दोरी आवळताना मी काहीतरी बोलेन असं वाटून तू थांबलास आणि मी म्हटलं, पोचल्याचं पत्र टाक.

पत्रं तू टाकलीस, भरपूर. त्यात लातूरची छोटी गाडी असायची. एवढीशी गाडी आहे रे, इंजिन बघून उचलून कडेवर घ्यावंसं वाटतं. सुट्टी लागली की अर्धा दिवस सायकल मारून तू लातूर गाठायचास. एकदा मी आलो तेव्हा मलाही नेलंस आणि नशीब बघ, लातूरच्या थोडं पुढं ती गाडी घसरलीच. एकच चाक खाली. पॅसेंजर खाली उतरून सावलीला बसले, भाकरी सोडल्या, एका आजीनं आपल्यालाही ठेचा दिला. ड्रायव्हरनं पहार मागितली आणि तू उपरणं कमरेला बांधून पहारेला हात लावायला पुढं. तासाभरात चाक वर! तुझा चेहरा असा फुलला होता की मला भरून आलं. वाटलं आता बोलावं. परत येताना उतारावर मी म्हटलं, दिगू, मुदखेडचं ते... तू ओरडलास, उतार आला, ब्रेक धर. खाली पोचल्यावर म्हणालास, चल घरी, वही काढू, जुनी पानं पण बघू. कोणतं पान ते मला माहीत होतं. मी म्हटलं, राहू दे, मोटार गाठायची आहे. मोटारीला चार तास होते.

वहिनींचं पत्र आलं तेव्हा तू जाऊन दोन दिवस झाले होते. मी आधी मुदखेडला उतरलो आणि सटव्याला गाठून तू गेल्याचं सांगितलं. तो रुळाच्या कडेलाच बसला, हातोडा मांडीवर ठेवून. मग मी सांगून टाकलं, सटवा, तो तुकडा मास्तरांनी नाही, मी उचलला होता. मला वाटलं तो चिडेल. मला वाटलं, चिडावा. तो नाक पुसून म्हणाला, "बाबू, उचलाया काय, कावळा बी उचलतो. आनून टेबलावर कुनी ठिवला त्ये बोला."

आमची आई आता नाही, नाहीतर तिला हे सांगितलं असतं. तुझ्या-माझ्या वादाचा निकाल एका चावीवाल्यानं लावला आणि मी हरलो. हरलो याचा मला आनंद आहे. जुम्म्याच्या सभेत हेच सांगणार आहे मी. मोडलेल्या गाड्या बघणारे पुष्कळ असतात. आपला माणूस बघून घरी गेला नाही. त्याला जे आवडायचं त्याची लाज त्यानं भर चौकशीत डोक्यावर घेतली, लोकांना हसू दिलं, आणि त्याच वेडाच्या जोरावर एका गरिबाला सोडवलं. अशा माणसानं मला सायकलवर मागं येऊ दिलं याचा मला गर्व आहे. होय, गर्वच म्हणतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी पेटी बाहेर आणून ठेवली. म्हणाल्या, हे तुमचं. एकेक तुकडा फडक्यात, चिठ्ठ्या जागच्या जागी. मुदखेडच्या मोरीची चिठ्ठी नुसतीच, तिचं लोखंड साहेबांनी ठेवून घेतलेलं. तळाशी वही. मी पानं उलटत गेलो. लातूरच्या छोट्या गाडीची सात वर्षांची पानं, प्रत्येकाखाली तुझी सही. मग मागं आलो. तुझ्या अक्षरात सगळं भरलेलं. मोरी, किती स्लीपर, दांड्याचं टोक, अर्धं गंजलेलं अर्धं चकचकीत. शेवटचा रकाना कोरा. साहेबांच्या कागदावर तू मैंने उठाया म्हणून सही ठोकून आलास, पण आपल्या वहीत नाही केलीस.

वहिनी दाराआडून बघत होत्या. आत गेल्या आणि तुझी दौत आणि टाक माझ्यासमोर आणून ठेवला.

"भावजी, तापातसुद्धा सांगत होते," त्या म्हणाल्या, "नरू आला की वही द्या. त्याची एक सही राहिली आहे."

केली, दिगू.